दोन्ही घरी जेवणारे आप्पा

जेवायला बसण्याआधी किसन आप्पा मनगटावरचं घड्याळ काढून बंडीच्या खिशात टाकायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, घड्याळाकडं बघत जेवणारा मानूस लोकांचं भांडान काय ऐकनार?" त्यांच्या हिशेबी जेवण आणि भांडण ही एकाच बैठकीची दोन कामं होती.

आमचं गाव वडगाव रासाईच्या अलीकडं, भीमेच्या काठी. आमचं म्हणजे आप्पांचं. मी दौंडचा, ह्या गावच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवायला आलेला. पंचक्रोशीत कुणाचा बांध कोरला गेला, कुणाच्या सामाईक विहिरीची पाळी चुकली, कुणाची लेक माहेरी येऊन बसली की शिरूरच्या कोर्टाची पायरी चढण्याआधी लोक आप्पांकडं यायचे. आप्पांच्या निवाड्याची एक रीत होती. दुपारचं जेवण एका पक्षाच्या घरी, संध्याकाळचं दुसऱ्याच्या. दोन्हीकडं सारखं आणि पोटभर. एकाकडं अर्धी भाकरी कमी खाल्ली, तर सकाळी पारावर बातमी व्हायची की आप्पा तिकडं झुकले. दोन्ही घरचं जेवून झालं की आप्पा जे बोलतील ते दोन्ही घरं ऐकायची. कागद नाही, सही नाही. ज्याचं अन्न पोटात गेलं त्याच्याशी बेईमानी करायची नाही, एवढंच काय ते कलम.

अशा निवाड्यांनी आप्पांचं वजन कुठं जाऊन पोचलं होतं ते शिरूरच्या दवाखान्यातल्या काट्यालाही सांगता येत नव्हतं. ते जीपमध्ये बसले की जीप डावीकडं कलायची आणि गावातली माणसं लांबूनच ओळखायची. ते म्हणायचे, "आमचा आजा मेंढरामागं फिरायचा. दिसातून एकडाव भाकर. त्याची ऱ्हायलेली भूक माझ्यात उतरली. मी एकटा न्हाई जेवत, आजा बी जेवतोय."

आमची पहिली भेट पंधरा ऑगस्टला झाली. आप्पा प्रमुख पाहुणे. त्यांच्यासाठी हेडमास्तरांची लोखंडी खुर्ची ठेवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उत्साहानं नवी, लाल, प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. आप्पा टेकले, आणि खुर्चीचे चारी पाय चार दिशांना गेले. मुलं हसणार एवढ्यात मी, प्रसंगावधान की काय म्हणतात ते दाखवून, सगळ्या शाळेला ऑर्डर दिली, "खाली बस." सगळी शाळा बसली. आप्पा आधीच बसलेले होते. तिथूनच त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "नवं मास्तर दिसतंय. ऱ्हातंय कुठं?" त्या संध्याकाळपासून मी त्यांच्या घरामागच्या खोलीत राहायला गेलो. भाडं त्यांनी कधी मागितलं नाही. कशाच्या रूपानं वसूल केलं ते पुढं येईलच.

वरून पैलवान दिसणारा हा माणूस आतून खचत चालला होता. साखर वाढलेली, दोन वेळा इन्सुलिनची सुई. सुई आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकी टोचायच्या, तेही डोळे मिटून. रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक डबाच होता. पायांना सूज यायची. चार पावलं चाललं की धाप लागायची आणि आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून आप्पा तक्क्याला टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. काकी समोर भिंतीला टेकून त्यांचा श्वास मोजत बसायच्या. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय मोठं झालंय. आप्पा म्हणाले, "गावाला आधीच ठावं हाय. तुमाला आज कळलं."

पण त्यांची मुलगी सुनंदाताई पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती आणि तिला ह्या विनोदाचं हसू येत नव्हतं. तिच्या दवाखान्यात जठर लहान करून आतड्याला दुसरीकडून जोडायचं, असं वजनावरचं ऑपरेशन सुरू झालं होतं. ती दर रविवारी यायची आणि तेच सांगायची.

"आप्पा, एवढं वजन ते हृदय किती दिवस ओढणार?"

"आगं पन पोटच ल्हान केलं तर मी ऱ्हानार कुठं?"

हे बोलणं कितीतरी रविवार चाललं. शेवटी आप्पांनी होकार दिला तो स्वतःसाठी नाही. काकींकडं बघत मला एकदा म्हणाले, "मी झोपलो तरी ही जागी, मी जागा तरी ही जागी. बिचारीनं काय गुन्हा केलाय?"

ऑपरेशनसाठी पुण्याला जाताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमी विज्ञानाचे. नेमकं काय करत्यात आत?" मला ऑपरेशनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विज्ञानाच्या मास्तरानं गप्प कसं बसायचं? मी गायीच्या पोटाचे चार कप्पे सांगायला सुरुवात केली, रवंथापर्यंत आलो आणि शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत अडकलो. पुढं काय सांगायचं ते मला सुचेना आणि रांग हलेना. आप्पा म्हणाले, "म्हंजी मला आता कडबा घालनार."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. नंतर जे घडलं त्यावर काकींचा कधीच विश्वास बसला नाही. वजनाचा काटा अजून जागचा हलला नव्हता आणि साखर मात्र उतरणीला लागली. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केलं. वेळ झाली की काकी सुई हातात घेऊन उभ्या राहायच्या आणि आप्पा म्हणायचे, "ठेव आता ती म्हशीला." डॉक्टरांनी समजावलं होतं की अन्नाची वाट बदलली की आतड्यातून शरीराला जाणारे निरोपही बदलतात आणि स्वतःचं इन्सुलिन नीट काम करू लागतं. आजार पळाला असं समजू नका, तो ताब्यात आलाय, तपासण्या आयुष्यभर करायच्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या कायमच्या. पुढच्या महिन्यांत वजन उतरलं तसा रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा रिकामा होत गेला. हृदयाचा फोटो काढला तर तेही सुधारलेलं. आप्पा आडवे होऊन झोपू लागले. सकाळी नदीपर्यंत चालत जाऊन परत येऊ लागले.

आणि इथंच आप्पा अडकले.

त्यांच्या पोटात आता एका वेळी वाटीभर मऊ अन्न मावायचं. सावकाश चावायचं, जेवताना पाणी नाही, गोड तर अजिबात नाही. गोड पोटात गेलं की घाम फुटतो, छाती धडधडते, माणूस आडवा होतो, असं ताईनं बजावलं होतं. आणि हे सगळं गावाला कळू द्यायचं नाही, असं आप्पांनी आम्हाला बजावलं होतं. मी विचारलं, "लपवायचं कशाला आप्पा? चोरी का केलीय?"

"मास्तर, ज्याच्या पोटात भाकर मावत न्हाई, त्याच्या पोटात लोकांची गोष्ट मावंल, असं कोन म्हनंल?"

लपवण्याच्या कामातही मी माझा वाटा उचलला. शाळेत मी सांगितलं की आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याच दिवशी काकींनी पाणवठ्यावर मुतखडा सांगितला. दोन्ही बातम्या पाराजवळ एकमेकींना भेटल्या आणि गावानं त्यातून तिसरी काढली, ती मोठ्या आजाराची. आप्पांचे गाल बसलेले, बंडी लोंबतेय, पुरावा चालताबोलता समोर. लोक भेटायला येऊन पाया पडायला लागले, शेवटचं दर्शन घेतल्यासारखे. आप्पा वैतागून म्हणायचे, "मरत हुतो तवा म्हनायचे आप्पा पैलवान हाय. आता कुठं जगाय लागलो, तर म्हनत्यात आप्पा चालला."

निवाड्याची बोलावणी मात्र येतच होती. उलट वाढली. आप्पा जाण्याआधी आपलं मिटवून घ्यावं असं लोकांना वाटत असावं. नाही म्हटलं तर आजार खरा ठरतो आणि हो म्हटलं तर ताट समोर येतं. ह्या पेचातून आप्पांनी वाट काढली, ती थेट माझ्या पोटातून गेली.

ते मला बरोबर नेऊ लागले. "हे आमचं मास्तर, शिकल्यालं हाय, चार शब्द लिवायला लागलं तर असावं," अशी माझी ओळख करून द्यायचे. लिहायला काही नसायचंच. मी त्यांच्या डाव्या हाताला मांडीला मांडी लावून बसायचो. आप्पा बोलत राहायचे, घास तोंडाशी नेऊन गोष्टीच्या भरात परत ठेवायचे आणि गुडघ्यानं मला खूण करायचे. यजमान वाढायला आत वळला की त्यांच्या ताटातली भाकरी माझ्याकडं यायची. ती वर्षं भारनियमनाची होती. वीज जाण्याच्या वेळा आप्पांना पाठ होत्या आणि बैठका त्याच सुमाराला ठरायच्या. अंधार झाला, घरात कंदिलाची शोधाशोध सुरू झाली की अख्खं ताटच बदलायचं. कंदील येईपर्यंत आप्पांचं ताट चाटूनपुसून लख्ख. "आप्पांची भूक हाय तशी हाय," असं यजमान समाधानानं म्हणायचा आणि मी अंधारात पँटचं बटण सोडायचो.

मी ह्याला कंटाळलो होतो असं म्हणायला हरकत नाही, पण गावरान कोंबडीच्या रश्शाला साक्षी ठेवून खोटं बोलवत नाही. मीही अडकलोच होतो. घरमालकाला नाही म्हणवत नव्हतं आणि जिभेलाही. सुट्टीत दौंडला घरी गेलो की बायको मला मागूनपुढून बघायची. "तुमची बदली शाळेतून खानावळीत झाली का?" असं तिनं एकदा विचारलं. एकदा आप्पांच्या तपासणीला शिरूरला गेलो असताना डॉक्टरांनी सहज माझंही बोट टोचलं. आप्पांची साखर उत्तम निघाली, माझी काठावर. परतीच्या वाटेवर आप्पा माझ्या पोटाकडं बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, आपन आता हे थांबवू. एवढं एक भांडान मिटलं की थांबवू."

ते एक भांडण नदीपलीकडचं, दौंड तालुक्यातलं. दोन भाऊ, सामाईक विहीर, मोटारीच्या पाळीवरून एकमेकांच्या डोक्यात दगड घालायची वेळ आलेली. दुपारचं जेवण थोरल्याकडं ठरलं, संध्याकाळचं धाकट्या बबनकडं. थोरल्यानं बोकड कापला होता. पंगत माजघरात होती, तिथं भर दुपारीही अंधार असायचा, आणि वीज वेळेवर गेली. मी दोन माणसांचं मटण संपवलं आणि थोरल्यानं कंदिलाच्या उजेडात आप्पांच्या ताटात आणखी वाढलं. तेही मीच संपवलं.

संध्याकाळी बबनच्या ओसरीवर बसलो तेव्हा माझ्या घशापर्यंत मटण होतं. अख्ख्या महाराष्ट्राची वीज जायची त्या वर्षांत, पण त्या संध्याकाळी त्या एका ओसरीवरचा बल्ब काही जाईना. आणि बबनची बायको मंगल दाराच्या चौकटीत उभी होती, हलायला तयार नाही. थोरल्या घरानं गावभर केलं होतं की धाकटीच्या हाताला चव नाही, तिच्या पायानं घर फुटलं. आज आप्पा तिच्या हातचं पोटभर जेवले की ते तोंड बंद होणार होतं. म्हणून वाढायला तिनं दुसऱ्या कुणाला येऊच दिलं नाही.

आप्पांनी गुडघ्यानं खूण केली. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा खूण केली. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मंगलनं गव्हाच्या खिरीची मोठी वाटी आप्पांच्या हातातच दिली.

"आप्पा, तोंड गोड करा. सकाळपास्नं शिजवतीया. समद्यांदेखत एकडाव सांगा, कशी झालीया."

आप्पांनी वाटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यांना काय होणार ते ठाऊक होतं. तरी वाटी तोंडाला लावून त्यांनी संपवली आणि म्हणाले, "पोरी, अशी खीर माझ्या आयच्या हातची खाल्ली हुती."

मंगल आत गेली ती डोळ्याला पदर लावूनच.

थोड्याच वेळात आप्पांच्या कपाळावर घाम आला. चेहरा पांढरा पडला, हात छातीवर गेला. "मास्तर, मला आडवं करा," एवढंच ते बोलले. आता इथं विज्ञानाच्या मास्तरानं आपली विद्या काढली. घाम, थरथर, मधुमेहाचा जुना रोगी, म्हणजे साखर कमी झाली. मी ओरडून साखरेचं पाणी मागवलं आणि आप्पा नको नको म्हणत असताना अर्धा तांब्या त्यांच्या घशात ओतला. खीर कमी होती म्हणून की काय, मी वर पाक पाजला. आप्पा पार गळून गेले.

गलका ऐकून थोरला पळत आला आणि त्याच्यामागं अर्धी आळी.

"दुपारी आमच्यात जेवले तवा ठणठणीत हुते," थोरला म्हणाला. "काय घातलंस गं खिरीत?"

कुणी म्हणालं, भांडं जपून ठेवा, पोलिसांना लागंल. बबन आधी भावाकडं बघत होता. मग तो बायकोकडं बघू लागला, आणि ते बघणं चांगलं नव्हतं.

आप्पांनी माझा हात धरला आणि उठून बसले. उन्हाची घेरी आली म्हणाले असते तर निदान स्वतःपुरते सुटले असते. त्यांनी बंडीची बटणं सोडली आणि पोट उघडं केलं. बल्बखाली सैल, लोंबणारी कातडी आणि तिच्यावर शस्त्रक्रियेच्या बारीक बारीक खुणा दिसत होत्या.

"बघा. नीट बघा," ते म्हणाले. "पोट कापून ल्हान केलंय माझं. वाटीभर मावतंय. गोड चालत न्हाई, डाक्टरनं बंद केलंय. मला ठावं असून मी खाल्लं. ह्या पोरीच्या खिरीत काय न्हाई. जे हाय ते माझ्या पोटात हाय. घटकाभर पडलो की उठंन मी."

थोरल्याच्या डोक्यात हिशेब चालू होता.

"मग दुपारी आमच्यात अर्धा बोकड खाल्ला, तो?"

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी."

सगळ्या आळीनं माझ्याकडं पाहिलं. आणि नेमकी त्याच वेळी मला ढेकर आली.

कुणीही हसलं नाही. मी आयुष्यात बरेच विनोद फुकट घालवले आहेत, पण हा सर्वांत मोठा. थोरला शांतपणे म्हणाला, "म्हंजी आमच्या घरचं अन्न आप्पांच्या पोटात गेलंच न्हाई. मग आमी त्यांचं का ऐकायचं?" रीत आप्पांनीच घालून दिलेली होती. भाऊ आपापल्या घरात गेले. पुढं ती विहीर दौंडच्या कोर्टात गेली.

परतताना पुलावर आप्पा म्हणाले, "मास्तर, मानसं मला निवाड्याला बोलवत हुती का जेवायला, ते मला कवा कळलं न्हाई. आता कळंल."

कळलंच. बोलावणी थांबली. लोक वाईट वागले नाहीत, रस्त्यात भेटले की राम राम घालायचे, तब्येत विचारायचे. पण दारात माणूस येईना. आप्पा सकाळी नदीपर्यंत चालून यायचे, ओसरीवर बसायचे आणि जेवणाची वेळ झाली की आतल्या खोलीत जाऊन दार लोटून वाटीभर खायचे. काकींनाही आत येऊ द्यायचे नाहीत. एकेकाळी शंभर माणसांत बसून जेवणारा माणूस. ताई फोनवर सांगायची की रिपोर्ट एकदम छान आहेत, आणि आप्पा म्हणायचे, "काळीज झ्याक चालतंय गं. नुसतं चालतंयच."

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि गेले ते हृदयानं नव्हे. पण मला त्यांची आठवण येते ती दिवाळीनंतरच्या एका दुपारची.

दारात मोटारसायकल थांबली. बबन गाडीवरच बसून राहिला, आत यायची त्याला लाज वाटत असावी. मंगल डबा घेऊन आली आणि विचारल्याशिवाय ओसरीवर बसली. काकी तिला बाजारात भेटल्या होत्या, तिथं तिनं सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं. डब्यात मुगाची मऊ खिचडी होती, कमी तेलाची. तिनं एक छोटी वाटी भरली आणि आप्पांसमोर ठेवली.

आप्पा उठून आत जायला निघाले.

"हितंच खावा की आप्पा."

"मला येळ लागतो, पोरी. बघणाऱ्याला कंटाळा येतो."

"लागू द्या. गाडीवर बसल्याला मानूस बसल तिथं."

आप्पा बसले. एक घास घेतला, चावत राहिले, थांबले, दुसरा घेतला. मंगल पायाच्या अंगठ्याशी खेळत बसली होती, वाटीकडं बघतही नव्हती. मी खांबाला टेकून उभा होतो. बऱ्याच वेळानं आप्पांनी हात थांबवला. वाटीत दोन घास उरले होते. ते मान खाली घालून वाट बघत राहिले, की आता ही म्हणेल, एवढं तरी संपवा, माझी शपथ हाय.

मंगलनं वाटी उचलली, डब्याचं झाकण लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.

आप्पांनी हळूच वर पाहिलं. तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतला, पंच्याला पुसला आणि भिंतीला नीट पाठ टेकून बसले.

"हां," ते म्हणाले. "बबनला आत बोलव. काय म्हनती तुमची विहीर?"